कशाच्या तुलनेत? लॉकडाऊनमधल्या शहरी हवेच्या प्रकल्पाच्या नोंदी

१० जानेवारी २०२२, सोमवार

विषय ठरला: लॉकडाऊनचा महानगरांच्या हवेवर झालेला परिणाम. शहरं दिल्ली, मुंबई, कोलकाता. ओमायक्रॉनमुळे विभाग पुन्हा बंद, त्यामुळे मार्गदर्शक सरांशी फोनवरच बोलणं झालं. त्यांनी एकच विचारलं, "परिणाम म्हणजे कशाच्या तुलनेत?" मी म्हटलं, आधीच्या. "आधीच्या म्हणजे कधीच्या?" मी गप्प. "तेवढं ठरवलंस की अर्धं काम झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

कोल्हापूरच का नाही, असं आण्णांनी विचारलं. साधं कारण आहे. आपल्याकडं तेव्हा हवेची मोजणी हातानं व्हायची, तीन ठिकाणी: शिवाजी विद्यापीठ परिसर, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या ठरलेल्या पद्धतीत आठवड्यातून दोन दिवस फिल्टर लावायचा, वर्षाला १०४ नोंदी. लॉकडाऊनचे पहिले दोन टप्पे धरले, २५ मार्च ते ३ मे २०२०, तर दिवस होतात चाळीस. म्हणजे फार तर अकरा-बारा नोंदी. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीनं एवढ्यावर प्रबंध लिहिला तर तोंडी परीक्षेत काय होईल ते सांगायला नको. खरं तर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूर आहे, मानकं न पाळणाऱ्या शहरांत. पण नोंदी दिल्लीकडं जास्त.

१३ जानेवारी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून तासातासाच्या नोंदी उतरवतेय. २०१७ ते २०२०, मार्च ते मे, शिवाय फेब्रुवारी. दिल्लीत हवा मोजणारी केंद्रं भरपूर. मुंबईचं रडगाणं वेगळं: मी निवडलेल्यांपैकी कित्येक केंद्रांची एप्रिल २०१९ ची पानं रिकामीच. जे केंद्र तेव्हा नव्हतंच त्याची २०२० शी तुलना कशी करणार?

साफसफाईचे नियम लिहून ठेवले, नंतर मलाच आठवणार नाहीत म्हणून. एकच आकडा सहा तास जसाच्या तसा येत असेल तर यंत्र अडकलंय, तो तुकडा काढायचा. दिवसाची सरासरी किमान १६ तासांच्या नोंदी असतील तरच. हवा गुणवत्ता निर्देशांकाचाही तोच नियम आहे. नायट्रोजन डायऑक्साइड मायक्रोग्रॅममध्ये आणि त्याच्याच शेजारचा एकूण नायट्रोजन ऑक्साइडचा रकाना पीपीबीमध्ये (हवेच्या अब्ज भागांत किती भाग). दोन्ही एकाच आलेखावर काढून मी अर्धी दुपार घालवली.

१७ जानेवारी

पहिला आलेख आला. १५ फेब्रुवारी ते २१ मार्च एका बाजूला, लॉकडाऊनचे चाळीस दिवस दुसऱ्या बाजूला. दिल्लीचा पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) कड्यावरून उडी मारल्यासारखा खाली. नायट्रोजन डायऑक्साइडही तसाच.

छापून आलेल्या शोधनिबंधांशी ताडून पाहिलं. २०२० मध्येच दिल्लीवर एक निबंध आला होता. मार्चमधल्या आधीच्या दिवसांशी तुलना करून त्यात पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) आणि पीएम २.५ पन्नास टक्क्यांहून जास्त घटले, नायट्रोजन डायऑक्साइड सुमारे ५३ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड सुमारे ३० टक्के घटला असं म्हटलंय. माझे आलेखही त्याच वळणाचे. म्हटलं, आपलं काम झालं. सरांना आलेख पाठवला. त्यांचं उत्तर: "२०१९ चा पण काढ."

१८ जानेवारी, रात्री

जेवताना आण्णांना आलेख दाखवला. आण्णा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, तीस वर्षं वाळूच्या साच्यात लोखंड ओततात, त्यामुळं धुराचं त्यांना कौतुक नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "ही रेघ तर कोल्हापुरात बी अशीच पडती की. लॉकडाऊन असू दे नायतर नसू दे."

कसं काय?

"आगं, मार्च सरला की साखर कारखान्यांचा पट्टा पडतो. मामाच्या गुऱ्हाळाची काहील बी उतरती. चुलवाणात चिपाड जळायचं थांबलं, फडातलं पाचट पेटवायचं थांबलं, तर धूर कुठनं येणार? तू म्हणायची, लॉकडाऊनमुळं."

आणि २०१९-२० चा हंगाम तर आधीच आखूड. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठचा ऊस कुजला होता. म्हणजे कोल्हापुरात मार्चची एप्रिलशी तुलना केली असती, तर गळीत हंगाम संपल्याचं श्रेय मी लॉकडाऊनला देऊन मोकळी झाले असते. दिल्लीत ऊस नाही. पण तिथला 'हंगाम' कोणता, हे मी बघितलंच नव्हतं.

२२ जानेवारी

२०१९ चा आलेख काढला. २०१८ चाही. लॉकडाऊन नसलेल्या त्या दोन्ही वर्षांत दिल्लीचा पीएम २.५ फेब्रुवारीपेक्षा एप्रिलमध्ये खाली आलेला. मुंबईतल्या ज्या एक-दोन केंद्रांच्या जुन्या नोंदी आहेत तिथंही तेच. दिल्लीचा हंगाम सापडला.

थंडीत जमीन गार, वरची हवा त्या मानानं उबदार, म्हणून खालची हवा वर जात नाही. शहराचा सगळा धूर काहीशे मीटरच्या थरात कोंडून राहतो. घराचं छत खाली आणल्यासारखं. एप्रिलमध्ये जमीन तापते, दुपारी हे छत किलोमीटर-दोन किलोमीटरवर जातं आणि तेवढाच धूर मोठ्या खोलीत पसरतो. वारेही वाढतात. धूर तितकाच असला तरी आकडा कमी. मुंबईत त्यात समुद्रावरच्या वाऱ्यांची भर.

म्हणजे १७ तारखेचा आलेख खोटा नव्हता, मी त्याला नाव चुकीचं दिलं होतं. आधीच्या दिवसांशी नव्हे, आधीच्या वर्षांच्या त्याच दिवसांशी तुलना हवी. तशी तुलना करणारा भारतातल्या २२ शहरांचा एक निबंध आहे: पीएम २.५ सुमारे ४३ टक्के कमी, पीएम १० ३१ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १० टक्के, नायट्रोजन डायऑक्साइड १८ टक्के. सल्फर डायऑक्साइडमध्ये जवळपास फरक नाही आणि ओझोन उलट १७ टक्के जास्त. एक निबंध दिल्लीचा, दुसरा बावीस शहरांचा, म्हणून ५३ आणि १८ हे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत, हे मला कळतं. बातम्यांत मात्र दोन्ही एकाच वाक्यात येतात.

२९ जानेवारी

मैत्रिणीनं लेसरवाला छोटा सेन्सर दिलाय, पीएम २.५ चा. प्रबंधात जाणार नाही, हौस म्हणून गच्चीच्या कठड्यावर ठेवला. आत एक पंखा हवा ओढतो, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. पहाटे दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात तेव्हा हा बिचारा उगीच घाबरतो. पण सकाळी साडेसहा ते आठचा उंचवटा दमटपणाचा नाही. तो शेजारच्या काकूंच्या बंबाचा आहे. लाकडाचे ढलपे, चिपाडं, कधी जुन्या वह्या.

काकूंना विचारलं, लॉकडाऊनमध्ये बंब पेटवत होता का? "मग काय गार पाण्यानं आंघोळ करायची?"

हे विनोद म्हणून लिहीत नाहीये. पीएम २.५ नायट्रोजन डायऑक्साइडसारखा गाड्यांच्या एकाच दोरीला का बांधलेला नाही, त्याचं अर्धं उत्तर काकूंच्या बंबात आहे. चूल, बंब, कचरा जाळणं, शेतातलं जाळणं यातलं काहीच २५ मार्चला थांबलं नाही. उरलेलं अर्धं असं की पीएम २.५ चा बराचसा भाग धुराड्यातून थेट येतच नाही. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि खतांतून, गोठ्यांतून येणारा अमोनिया यांच्यापासून तो हवेत तयार होतो आणि वाऱ्यावर शेकडो किलोमीटर फिरतो. दिल्लीतल्या गाड्या थांबल्या म्हणून शेजारच्या राज्यांतून येणारे कण थांबत नाहीत.

५ फेब्रुवारी

नायट्रोजन डायऑक्साइडवर आठवडा गेला, आणि मजेत गेला. दिवसभराच्या सरासरीपेक्षा तासांचा आलेख बोलका आहे. एरवी दिल्लीत त्याला दोन कुबडं असतात: सकाळी कामावर जायच्या वेळी एक, रात्री आठ-दहाच्या सुमाराला दुसरं, जास्त उंच. २०२० च्या एप्रिलमध्ये सकाळचं कुबड जवळपास सपाट. रात्रीचं आहे, पण बुटकं. रहदारीच्या केंद्रांवर घट जास्त, झाडीतल्या केंद्रांवर कमी. हा वायू हवेत काही तासच टिकतो, त्यामुळे इंजिन बंद झालं की आकडा लगेच पडतो. लॉकडाऊनची सही बघायची तर इथंच बघावी.

इंधनाचे सरकारी आकडे याला जुळतात. एप्रिल २०२० मध्ये देशातला पेट्रोलियम पदार्थांचा खप आदल्या एप्रिलपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी घटला; पेट्रोल ६० टक्के, डिझेल ५५ टक्के. वाढला फक्त घरगुती गॅस, सुमारे १२ टक्के. सगळा देश घरात बसून स्वयंपाक करत होता.

१२ फेब्रुवारी

ओझोन. सरांनी आधीच सांगितलं होतं की इथं पोरं अडखळतात. मीही अडखळले.

प्रदूषण कमी झालं तर ओझोन वाढला कसा? गाडीच्या धुरातून आधी बाहेर पडतो नायट्रिक ऑक्साइड. तो ओझोनला खातो आणि स्वतः नायट्रोजन डायऑक्साइड होतो. म्हणून भर रहदारीच्या चौकात ओझोन कमी असतो; चौकाची हवा चांगली म्हणून नव्हे, खाणारा तिथंच उभा आहे म्हणून. उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो आणि ओझोन पुन्हा तयार होतो. सॉल्व्हंट, पेट्रोलची वाफ, झाडांचे वायू असे सेंद्रिय वायू हे गणित ओझोनच्या बाजूला झुकवतात. २०२० च्या एप्रिलमध्ये खाणारा गेला, ऊन तेवढंच कडक, सेंद्रिय वायू त्या प्रमाणात घटले नाहीत. ओझोन वर.

वुहान, रोम, तुरीन, नीस इथंही लॉकडाऊनमध्ये ओझोन वाढल्याचं प्रसिद्ध झालंय. अमेरिकेत लॉस एंजेलिसला तर रविवारी ट्रक कमी धावतात म्हणून ओझोन जास्त, हे कित्येक दशकांपूर्वीच लक्षात आलं होतं. लॉकडाऊन म्हणजे चाळीस दिवसांचा रविवार.

गटात हा आलेख टाकला तर एकानं विचारलं, "म्हणजे गाड्या चालू ठेवायच्या का?" नाही रे बाबा. एकट्या नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करून भागत नाही, सेंद्रिय वायूंनाही हात घालावा लागतो, एवढंच.

२० फेब्रुवारी

हवामान वजा करायचं काम सुरू. रँडम फॉरेस्टला (पुष्कळ निर्णय-झाडांची सरासरी घेणारं मॉडेल) २०१७ ते २०१९ चं तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस, मिश्रण थराची (म्हणजे त्या 'छता'ची) उंची, वार आणि तास शिकवायचे. मग २०२० चं हवामान देऊन विचारायचं, लॉकडाऊन नसता तर आकडा किती आला असता? प्रत्यक्ष आकडा त्यातून वजा. आता तुलना आधीच्या दिवसांशी नाही, आधीच्या वर्षांशी नाही. न घडलेल्या एप्रिलशी.

२४ फेब्रुवारी

चार दिवस मॉडेल वेड्यासारखं वागत होतं. सकाळच्या कुबडाचं कारण म्हणून ते उंच मिश्रण थर दाखवत होतं. छत वर गेलं की धूर वाढतो? झाडं वाढवली, कमी केली, काही नाही. आज दुपारी चहा घेताना उजेड पडला. हवामानाच्या नोंदी ग्रिनिच वेळेत आहेत, प्रदूषणाच्या भारतीय वेळेत. साडेपाच तासांची गफलत! त्यातला 'साडे' जास्त छळवादी, कारण हवामानाच्या नोंदी ठोक्याला आणि आपली वेळ अर्ध्यावर. शेजारच्या दोन तासांची सरासरी घेऊन जुळवलं. सरांना सांगितलं नाही. इथं लिहितेय, ते वाचतील तेव्हा वाचतील.

३ मार्च

२०१९ झाकून ठेवून मॉडेलची परीक्षा घेतली. नायट्रोजन डायऑक्साइडला बरं, पीएम २.५ ला मध्यम, धुळीच्या वादळाच्या दिवशी नापास.

मग २०२०. हवामान काढल्यावर घट उरतेच, पण १७ जानेवारीच्या कड्याएवढी नाही. मार्च २०२० मध्ये उत्तर भारतात अवेळी पाऊसही चांगला झाला होता. थोडी हवा त्यानंच धुतली होती. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकारानं जगातल्या ११ शहरांवर असंच काम झालं आणि २०२१ च्या जानेवारीत छापून आलं. त्यात दिल्लीही आहे. निष्कर्ष असाच: हवामान वजा केल्यावर नायट्रोजन डायऑक्साइडची घट वाटत होती त्याहून कमी, ओझोन सगळीकडे वर, आणि पीएम २.५ बहुतेक शहरांत घटला तरी लंडन आणि पॅरिसमध्ये नाही.

बीजिंगचं तर अजून नवल. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमध्ये सगळं ठप्प असताना तिथं दाट धुरकं पडलं होतं. वारा पडलेला, हवा दमट, आणि वाढलेल्या ओझोनमुळं वायूंचे कण होण्याची क्रिया उलट जोरात.

९ मार्च

सल्फर डायऑक्साइड: थोडक्यात. विजेची मागणी घटली तरी कोळशाची केंद्रं अत्यावश्यक सेवा म्हणून चालूच होती, फरक नगण्य. एक तळटीप मात्र हवी: १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दशलक्ष भागांत इतके भाग). लॉकडाऊनच्या आठव्या दिवशी! रस्त्यावर गाड्याच नव्हत्या म्हणून त्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. दिल्लीत हे इंधन २०१८ लाच आलं होतं, मुंबईचं मात्र लिहायला हवं.

कोलकाता वगळतेय. कालबैसाखीच्या, म्हणजे बंगालमधल्या उन्हाळी वादळांच्या, सरी मॉडेलला झेपत नाहीत आणि माझ्याकडे वेळ नाही.

१७ मार्च, होळी

सकाळी शेणी दान करून आलो. आमच्या गल्लीची होळी लहान, उरलेल्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीला. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर त्या शेणींकडं बघायची नजर बदललीय.

दुपारी चटका बसल्यासारखं आठवलं: २०२० ची होळी ९ मार्चला होती, माझ्या 'आधीच्या' काळात. २०१९ ची २० मार्चला. मॉडेलला वार माहीत आहेत, तिथी माहीत नाहीत. होळी, धुळवड आणि पुढचा एक दिवस असा रकाना घालून सगळं पुन्हा चालवलं. रात्रभर पंखा कोकलत होता, लॅपटॉपचा. उत्तर फार हललं नाही, पण हलत नाही हे बघितलं ते बरं.

२५ मार्च

उपग्रहाचे नकाशे करून पाहिले, युरोपच्या सेंटिनेल-५पी वरचे. हेच ते लाल-निळे नकाशे जे २०२० मध्ये सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. दिसायला सुरेख. पण हा उपग्रह दिवसातून एकदा, दुपारी दीडच्या सुमाराला जातो, आणि जमिनीलगतची नव्हे तर खालपासून वरपर्यंतच्या अख्ख्या खांबाची हवा मोजतो. दिल्लीची दोन्ही कुबडं त्याच्या वेळेत बसतच नाहीत. त्याचा एक ठिपका सुमारे साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा. कोल्हापूर महापालिकेचं क्षेत्र साधारण ६७ चौरस किलोमीटर. म्हणजे अंबाबाई, रंकाळा, राजारामपुरी, कसबा बावडा सगळं मिळून साडेतीन ठिपके. आण्णांना दाखवलं. "आमची फौंड्री कुठाय?" अर्ध्या ठिपक्यात, आण्णा.

२ एप्रिल, गुढीपाडवा

राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले, मास्कही ऐच्छिक. लॉकडाऊन लागला तो दिवसही पाडव्याचाच होता, २५ मार्च २०२०. त्या वर्षी कडुनिंबाचा पाला आणायला आण्णा बाहेर पडले आणि चौकातूनच परत आले होते.

मसुदा सरांकडून परत आला. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं, 'लॉकडाऊनमध्ये निसर्गाने मोकळा श्वास घेतला.' त्यावर लाल रेघ आणि शेरा: "कुठल्या केंद्रावर?" त्याच पानावर जालंधरहून धौलाधारच्या रांगा दिसल्याचं होतं, ते ठेवलंय. सोबत माझं एक वाक्य घातलं की आमच्या गच्चीवरून जोतिबाचा डोंगर तेव्हा लख्ख दिसायचा, पण पाऊस उघडला की ऑक्टोबरमध्येही तसाच दिसतो. सरांनी त्याला बरोबरची खूण केलीय. पहिल्यांदाच.

आण्णांनी मसुद्यातलं एकच पान वाचलं, इंधनाचं. म्हणाले, "भट्ट्या बंद हुत्या ते लिवलंस. आमचा दोन म्हैन्यांचा पगार कुठल्या रकान्यात घातलास?" त्याला माझ्याकडं रकाना नाही. अंदाजपत्रकाचा प्रबंध नाही हा, असं म्हटलं आणि लगेच वाईट वाटलं. मर्यादांच्या प्रकरणात दोन ओळी घातल्या: ही घट कोणत्याही धोरणाची नक्कल म्हणून वाचू नये, ती काम थांबवून आली होती.

१७ एप्रिल

काल जोतिबाची चैत्र यात्रा. दोन वर्षं यात्रेकरूंविना गेली, यंदा डोंगर माणसांनी फुललेला. घरचे सगळे गेलो होतो. सासनकाठ्या, हलगी आणि नजर जाईल तिथं गुलाल. रात्री उशिरा परतलो तेव्हा आण्णांचा सदरा ओळखू येत नव्हता.

आज सकाळी सेन्सरच्या नोंदी उतरवल्या तर सव्वासातला आकडा थेट यंत्राच्या कमाल मर्यादेला टेकलेला. बंबाचा कधीच एवढा येत नाही. आईला विचारलं. तिनं गच्चीवर सगळ्यांचे कपडे झटकले होते, कठड्यावर, सेन्सरच्या अगदी शेजारी.

नोंद वगळली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गुलाल.